आधी हाड जुळू द्या, मग सही करा

अपघातानंतर चार-पाच दिवसांनी वॉर्डात एक माणूस येतो. हातात फाइल, बोलणे मऊ. "इन्शुरन्सकडून आलोय. काळजी करू नका, तुमचं काम लवकर करून टाकू." पेशंटच्या मांडीत रॉड, हातात सलाइन, डोळ्यांवर इंजेक्शनची गुंगी. उशाशी बसलेल्या बायकोला पुढच्या डिपॉझिटची चिंता. अशा वेळी 'लवकर' म्हणणारा कोणीही देवमाणूस वाटतो. तो चार प्रश्न विचारतो, उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहितो आणि कागद पुढे करून म्हणतो, "इथे सही करा. अंगठा दिला तरी चालेल."

करू नका.

हा माणूस कंपनीने नेमलेला तपासनीस असतो. कंपनीच्या पैशांची राखण करणे हे त्याचे काम, ते त्याने खुशाल करावे. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. माणूस धड उठून बसू शकत नाही, कागद वाचू शकत नाही, पाय पुढे किती वाकेल हे त्याच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही, आणि नेमकी तीच वेळ जबाब घ्यायला आणि तडजोडीचा आकडा पुढे टाकायला निवडली जाते. ज्या गाडीने तुम्हाला उडवले तिच्या विमा कंपनीशी तुमचा कसलाही करार नाही. तिच्या माणसाला खाटेवर पडल्या पडल्या जबाब देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. तुमचा जबाब पोलिसांपुढे होतो आणि पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. तपासनिसाचे नाव विचारा, ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा आणि सांगा, बरे झाल्यावर वकिलाशी बोलून कळवतो.

ही सही किती महाग पडू शकते ते कायद्यातच लिहिलेले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि तिचा भरपाईचा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. कलम 164 प्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याच्या हिशेबी गंभीर दुखापतच आहे. तरतूद चांगली आहे. पण जवळच, कलम 166 मध्ये, एक वाक्य बसलेले आहे. कलम 149 च्या पद्धतीने, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्याने देऊ केलेली ही ठरीव रक्कम तुम्ही स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा तुमचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. मामला अडीच लाखांवर मिटला. पुढे पाय कायमचा आखडला तरी मिटला.

ज्याचे मनगट मोडले आणि दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टर निघाले, त्याला अडीच लाख पुरतील. त्याने जरूर घ्यावेत. पण मांडीचे हाड मोडलेल्याचे तसे नसते. हाड जुळायलाच महिने जातात. कधी जुळत नाही, मग दुसरे ऑपरेशन, कमरेचे हाड काढून तिथे भरायचे. रॉड काढायचे आणखी एक. गुडघा वाकत नाही म्हणून फिजिओथेरपीच्या फेऱ्या. हा सगळा खर्च चौथ्या दिवशी कोणाला दिसतो? कंपनीला तिच्या अनुभवावरून दिसतो. पेशंटला दिसत नाही. सौदा अशा दोघांत होतो, म्हणून तो थांबवायचा.

इथे एक घोटाळा होतो तो सांगून ठेवतो. तडजोड थांबवा म्हटले की लोक अर्जही थांबवतात. पूर्ण बरे होऊ दे, मग बघू, म्हणतात. 2022 पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि तो निर्णय होईपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी झोपू नये. अर्जाची घाई करा, तडजोडीची करू नका. अर्ज दाखल झाल्यावर उपचार चालू राहतात, बिले जोडता येतात, दुसऱ्या ऑपरेशनची माहिती देता येते.

आता त्या पहिल्या रात्रीकडे वळू, कारण निम्म्या केसेस तिथेच बिघडतात. दोन ओळखीचे जखमीला रिक्षात घालून आणतात. कॅज्युअल्टीत ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, "काय झालं?" घाबरलेला मित्र म्हणतो, "गाडीवरून पडला." डॉक्टर तसेच लिहितो: दुचाकीवरून पडून दुखापत. त्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते, त्याला रक्त थांबवायचे असते. मागून टेम्पोने ठोकरले हे राहून जाते. वर्षाने कंपनीचा वकील न्यायाधिकरणात हाच केसपेपर काढतो आणि उलटतपासणीत विचारतो, पहिल्या नोंदीत टेम्पोचा उल्लेख का नाही? गाडी आपोआप घसरली आणि टेम्पो नंतर घुसवला, बरोबर? खाटेवर बेशुद्ध पडलेल्या माणसाला मित्राच्या दोन शब्दांचा जाब द्यावा लागतो. 'दारूचा वास' अशी नोंद झाली तर आणखी कठीण. रक्ताची तपासणी झालेली नसते, वासाची ओळ मात्र कायम राहते.

म्हणून जो कोणी जखमीला दवाखान्यात नेईल त्याने तीन गोष्टी तोंडाने स्पष्ट सांगाव्यात: कोणत्या वाहनाने धडक दिली, कुठे, किती वाजता. नंबर मिळाला असेल तर तोही. एमएलसीचा, म्हणजे दवाखान्याने केलेल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा, नंबर लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी केसपेपर वाचावा, चुकीचे लिहिले असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची शिक्क्यानिशी पोच घ्यावी. उपचार अर्थातच आधी. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळण्याची तरतूद आहे. डिपॉझिट मागणाऱ्या काउंटरवर या कॅशलेस योजनेचा लाभ मागा.

फिर्याद उशिरा दिली हा कंपन्यांचा आणखी एक आवडता मुद्दा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच सांगितले आहे: घरचे लोक आधी पेशंटकडे धावतात, पोलीस ठाण्याकडे नाही, आणि तेच स्वाभाविक आहे, नुसत्या उशिरामुळे दावा खोटा ठरत नाही. इतका साधा माणुसकीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, यावरून खालच्या पायरीवर काय चालते ते समजून घ्यावे.

पोलिसांचेही बोलले पाहिजे. 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांच्या आत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायचा, 50 दिवसांत अंतरिम अहवाल, 90 दिवसांत सविस्तर अहवाल. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. आणि दहा दिवसांच्या आत जखमीच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हातात फॉर्म 2 द्यायचा. या फॉर्ममध्ये अपघातग्रस्ताचे हक्क आणि पुढची सगळी प्रक्रिया छापलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हे नियम काटेकोर पाळा म्हणून सगळ्या राज्यांना बजावले. मी ज्या ज्या अपघातग्रस्तांच्या घरी गेलो तिथे डिस्चार्ज कार्ड दिसले, एक्स-रे दिसले, मेडिकलची बिले रबर बँड लावून ठेवलेली दिसली. फॉर्म 2 कुठेही दिसला नाही. कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी पोचतो आणि हक्कांचा कागद दहाव्या दिवशीही पोचत नाही, ही व्यवस्था जखमीच्या बाजूची नाही. तपास अधिकाऱ्याकडे हा फॉर्म नावाने मागा. मागितल्यावर तरी द्यावा लागतो.

धडक देऊन वाहन पळून गेले, सापडलेच नाही, तर न्यायाधिकरण नाही. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला दोन लाख. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मागायलाही फार थोडे लोक जातात.

आता टक्क्यांचा खेळ. माझ्या मते विमा कंपन्यांचा सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे.

अपंगत्वाचा दाखला टक्क्यांत येतो. डॉक्टर त्या अवयवाचे किती टक्के काम गेले ते लिहितो. कंपनी तो आकडा घेते, पूर्ण शरीराच्या हिशेबाने त्याचा तिसरा हिस्सा करते, आणि तेवढेच उत्पन्न बुडाले असे म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हा हिशेब साफ नाकारला. न्यायालयाने उदाहरण दिले ते असे: डावा हात तुटला, डॉक्टरने साठ टक्के लिहिले. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी टिकेल, कमाईचे नुकसान तितके नाही. म्हणजे मोजायचे ते हात गेल्याने त्या माणसाच्या रोजीचे काय झाले ते. या निकालाला पंधरा वर्षे होऊन गेली. आजही कंपन्यांचे प्रस्ताव डॉक्टरच्या टक्क्यावरच येतात, कारण समोरच्याला हा निकाल माहीत नसतो.

कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याची केस 2014 साली सर्वोच्च न्यायालयात पोचली. 2008 च्या अपघातात त्याचा पाय कापावा लागला होता. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे की भाजी एका जागी बसूनही विकता येते, मग हिंडण्या-फिरण्याची एवढी गरज काय? सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते कोणत्याही भाजीवालीने विचारले असते: माल आणायचा कोणी? पहाटे घाऊक बाजारात जायचे, निवडायचा, उचलायचा, गाडीवर लादायचा, आणि मग बसायचे. अंगमेहनतीच्या माणसाचा अवयव गेला म्हणजे बहुतेक वेळा त्याचा धंदाच गेला, असे सांगून न्यायालयाने कमाईचे नुकसान 85 टक्के धरले. उत्पन्नाचा कागद त्याच्याकडे नव्हता. खालच्या न्यायालयाने महिना साडेतीन हजार धरले होते, इथे साडेसहा हजार धरले गेले. ज्यांच्या डोळ्यांसमोर वाशीचा किंवा गुलटेकडीचा पहाटेचा बाजार आहे त्यांना या निकालातली एकही ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

हा फरक रुपयांत पाहा. एक सुतार, वय 28, महिन्याला 15 हजार मिळवणारा. उजवा खांदा कायमचा अधू झाला. कंपनी म्हणते पूर्ण शरीराचे अपंगत्व 15 टक्के. वर्षाचे 1 लाख 80 हजार, त्या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाने ठरवलेला गुणक 17, त्याचे 15 टक्के: 4 लाख 59 हजार. आता न्यायालयाच्या पद्धतीने. स्वतःचा धंदा करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, हे 2017 साली घटनापीठाने ठरवले. मृत्यूच्या दाव्यातला हा नियम कायमच्या अपंगत्वालाही लागू आहे, हे 2020 साली स्पष्ट झाले. म्हणजे वर्षाचे 2 लाख 52 हजार. गुणिले 17. रंधा न चालवता येणाऱ्या सुताराचे नुकसान 40 टक्के जरी धरले, तरी 17 लाख 13 हजार 600. यात दवाखान्याची बिले, पुढचे ऑपरेशन, सोबत लागणारा माणूस, सोसलेल्या वेदना आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज अजून धरलेलेच नाही. साडेचार लाख हातात ठेवून 'लवकर काम करून टाकणारा' माणूस त्या घरातून किती घेऊन जातो ते वाचकांनी वजा करून पाहावे.

पगाराची स्लिप नाही म्हणून गप्प बसू नका. हातावर पोट असलेल्या माणसाकडे उत्पन्नाचा पुरावा नसणारच, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. मुकादमाचा जबाब, शेजारच्या दुकानदाराचा जबाब, यूपीआयच्या नोंदी, बचत गटाचे पासबुक, सगळे चालते. आणि घर सांभाळणारी बाई 'काही करत नाही' असे अर्जात लिहू नका. तिच्या कामाला पैशांत मोल आहे, तिच्या नावे उत्पन्न धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली पुन्हा ठासून सांगितले. मोडलेल्या कंबरेने जी दोन वेळचा स्वयंपाक करू शकत नाही, तिचे नुकसान शून्य धरणारा वकील बदला.

लायसनचे निमित्त सगळ्यांत जुने. ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हते, म्हणून कंपनी काखा वर करते. त्रयस्थ जखमीचा यात काय दोष? त्याने धडक देणाऱ्याचे लायसन तपासून मग धडक खायची होती का? सर्वोच्च न्यायालयाचा 2004 पासूनचा मार्ग असा: अशा वेळी कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. दुसरा वाद छोटा हत्ती, पिकअप, रिक्षा अशा हलक्या व्यावसायिक वाहनांचा. हलक्या वाहनाच्या लायसनवर टेम्पो चालवला म्हणून वर्षानुवर्षे दावे अडवले गेले. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो वाद संपवला. वजन 7,500 किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचे लायसन पुरते. या कारणाने कोणाचा दावा अडला असेल तर वकिलाला आजच विचारा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक निकाल महत्त्वाचा आहे. दवाखान्याचे बिल तुमच्या मेडिक्लेममधून भरले गेले, की समोरच्या गाडीची कंपनी म्हणायची, खर्च तर झालाच नाही, मग भरपाई कसली? हप्ता तुम्ही भरायचा आणि सवलत धडक देणाऱ्याच्या कंपनीने घ्यायची! मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 28 मार्च 2025 रोजी हे बंद केले. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही. मेडिक्लेमला मूळ बिले द्यावी लागतात, म्हणून देण्याआधी प्रत्येक बिलाची प्रत काढा आणि मेडिक्लेमच्या कंपनीकडून ती साक्षांकित करून घ्या.

स्वतःच्या पॉलिसीचे प्रकरण वेगळे. तिथे कंपनीशी तुमचा करार आहे, तिला वेळेत कळवण्याचे बंधनही तुमच्यावर आहे. गाडीच्या मालकाला स्वतःसाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, आणि तो आपल्या पॉलिसीत आहे की नाही हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. आहे का ते पाहा, लायसनची मुदत संपलेली नाही ना तेही पाहा. मात्र तो साध्या फ्रॅक्चरला मिळत नाही. मृत्यू, हात-पाय किंवा डोळा जाणे, कायमचे पूर्ण अपंगत्व, यांसाठी आहे. दुचाकीला फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याला तुमच्या पॉलिसीतून सहसा काहीच मिळत नाही. मागे रोज बायको, नाहीतर पोर बसते. तेवढ्यासाठी पूर्ण पॉलिसी घ्या. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख आणि अंशतः अपंगत्वाला एक लाख देते. पासबुकात ते 20 रुपये गेलेले दिसतात का पाहा. अनेक घरांना आपल्या माणसाचा हा विमा होता हेच ठाऊक नसते.

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी 'बसत नाही' याला काही अर्थ नाही. पैसे देताना 'पूर्ण आणि अंतिम समाधान झाले' अशा व्हाउचरवर सही घेतली असेल तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत. दडपणाखाली घेतलेली सही ग्राहकाच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये आणि विमा नियामकाने 2015 च्या परिपत्रकात सांगितले आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवे. फक्त हे लक्षात ठेवा, लोकपाल तुमच्या स्वतःच्या पॉलिसीपुरते. समोरच्या गाडीवरच्या दाव्याला न्यायाधिकरणच.

कंपन्यांची बाजूही मांडतो. खोटे दावे होतात. गाडी बदलली जाते, जुनी जखम नवी दाखवली जाते. उत्तर प्रदेशात तर असे इतके दावे सापडले की त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. अशा वकिलांना, डॉक्टरांना आणि पोलिसांना तुरुंगात टाका, माझी काहीच हरकत नाही. पण रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 4,43,366 माणसे रस्त्यावर जखमी झाली. काही भामट्यांच्या नावाखाली त्या सगळ्यांकडे संशयाने पाहायचे, हे चालणार नाही.

आणि तक्रार माझी एकट्याची नाही. महाराष्ट्र सरकारनेच ती केली आहे. शेतकऱ्यांची गोपीनाथ मुंडे अपघात विमा योजना विमा कंपन्यांमार्फत चालत होती. कंपन्या वेळेत दावे मंजूर करत नाहीत, अनावश्यक त्रुटी काढतात, चुकीच्या कारणांनी नाकारतात, हे शासन निर्णयात नमूद करून एप्रिल 2023 मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला केले आणि थेट सानुग्रह अनुदान सुरू केले. मृत्यूला दोन लाख, एक हात-पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. हप्ता भरणारे सरकारच जिथे थकले, तिथे मांडीत रॉड घातलेल्या एकट्या माणसाने काय करावे? शेतकरी कुटुंबांनी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे हा अर्ज अवश्य करावा.

सरकारकडे माझी मागणी एकच आहे आणि तिला खर्चही फारसा नाही. प्रत्येक सरकारी आणि मोठ्या खासगी दवाखान्याच्या अपघात विभागात फॉर्म 2 मराठीत, मोठ्या अक्षरात, भिंतीवर लावा. आणि दाखल झाल्यापासून ठरावीक दिवस वॉर्डात कोणत्याही विमा प्रतिनिधीला सही घेण्यास बंदी करा.

एक इशारा आपल्याच माणसांबद्दल. दवाखान्याच्या चहाच्या टपरीवर "केस आमच्या साहेबांना द्या, जिंकल्यावर तीस टक्के" म्हणणारे एजंट फिरतात. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मनाई आहे. अशा साहेबाला तडजोडीची कंपनीइतकीच घाई असते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, आणि भरपाई जमा होणारे बँक पासबुक स्वतःच्याच कपाटात असू द्या.

आज ज्यांच्या घरात कोणी प्लॅस्टरमध्ये आहे त्यांनी अपघाताची तारीख काढावी, त्यात सहा महिने मिळवावेत आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर 15100.